नैसर्गिक गोडी, कृत्रिम गोडी आणि चवथीचे मोदक

पत्राचा गोषवारा : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून पन्नाशीच्या एका वाचक ताईंनी हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या यजमानांचे वय ५६ असून हापूसच्या कलमांची त्यांची बाग आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांना मधुमेह असल्याचे कळले, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७.८ टक्के आले. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या सुरू केल्या व साखर बंद करण्यास सांगितले. तेव्हापासून ताई चहात गूळ घालतात. ‘गूळ खावन कोणाक काय झाला नाय’ असे सासूबाई म्हणतात आणि रसायनांची डबी स्वयंपाकघरात नको असा त्यांचा आग्रह आहे. पुण्याच्या मुलीने स्टीव्हिया या गोड पानांच्या झुडपाच्या अर्काच्या पुड्या पाठवल्या आहेत, तर मुंबईच्या दिरांनी ॲस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. गूळ सुरू करूनही जेवणानंतरची साखर उतरलेली नाही. चवथीला सगळे चाकरमानी घरी येतील, सात वर्षांचा नातूही येईल. तेव्हा नैसर्गिक गोडी वापरावी की कृत्रिम, मोदकांत काय घालावे, आणि त्या उन्हाळ्यात विकतात त्या कोकम सरबतात साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून त्यावर ‘शुगर फ्री’ लिहिता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरात जो वाद चालला आहे, त्यात सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. गूळ, मध आणि स्टीव्हिया एका बाजूला, गोळ्यांची डबी दुसऱ्या बाजूला, आणि निवड या दोहोंमधून करायची. मला ही वाटणीच चुकीच्या जागी केलेली वाटते. तुमच्या यजमानांच्या रक्ताच्या दृष्टीने पाहिले तर गूळ, मध आणि साखर ही एका घरातली भावंडे आहेत, आणि मुलीने पाठवलेली स्टीव्हिया व दिरांनी आणलेली गोळी ही दुसऱ्या घरातली. पहिल्या तिन्ही वस्तू रक्तातली साखर वाढवतात; शेवटच्या दोन जवळजवळ वाढवत नाहीत. पदार्थ झाडावरून आला की कारखान्यातून, याचा या फरकाशी संबंध नाही.

आधी गुळाविषयी लिहिते, कारण तुमचे तीन महिने त्यात गेले आहेत आणि त्यात तुमचा दोष नाही. ही समजूत किनाऱ्यावर घरोघरी आहे. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, तर तेवढ्याच गुळात साधारण ३५० ते ३८०. गुळाचा बहुतेक भाग ऊसातली साखरच असतो. राहिलेल्यात पाणी आणि थोडे क्षार असतात. गुळात लोह असते हे खरे आहे, परंतु दर १० ग्रॅम गुळातून जेमतेम अर्धा-एक मिलिग्रॅम लोह मिळते, आणि पुरुषाची रोजची गरज १९ मिलिग्रॅमची आहे. तेवढ्या लोहासाठी मधुमेह्याने गूळ खाण्यापेक्षा पालेभाजी आणि मासे खाल्लेले कितीतरी बरे. मधाचेही तसेच आहे. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते. (एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, हे या निमित्ताने इतर वाचकांसाठी सांगून ठेवते, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.) हल्ली माडाच्या नीरेपासून केलेली साखरही ‘मधुमेह्यांना चालणारी’ म्हणून विकली जाते. माड आपला आहे, त्याच्याविषयी माया वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या साखरेतही ७० टक्क्यांहून अधिक भाग नेहमीच्या साखरेचाच असतो.

सासूबाईंच्या मनातली भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. डबीवरचे अनोळखी नाव वाचून घरातल्या माणसाच्या काळजीने ‘हे नको’ म्हणणे, यात काहीच गैर नाही. त्यांना त्यांच्याच अनुभवातली एक गोष्ट आठवून द्यावी. आपल्या रानात काजरा कोणी न लावता वाढतो आणि त्याचे बी विषारी असते. काजूगर गोड असतो, पण त्याच बीच्या सालातले तेल ओठाला लागले तर कातडी भाजून निघते. निसर्गाने दिलेल्या वस्तूंतही काय खावे, किती खावे आणि कसे खावे, हे त्यांच्या पिढीने आपल्याला शिकवले आहे. तीच पारख आता डबी आणि पुडी या दोन्हींना लावायची आहे.

पुडीतली स्टीव्हिया पाहू. हे झुडूप मुळात दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे भागातले. तिथले ग्वारानी लोक त्याची पाने पेयांत घालत आले आहेत. पुडीत मात्र पान नसते. पानांचा अर्क गरम पाण्यात उतरवून, गाळून, शुद्ध करून, त्याचे स्फटिक पाडून जे मिळते ती पांढरी पूड असते आणि ती साखरेच्या सुमारे २०० ते ३०० पट गोड असते. भारतात या अर्काला अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१५ मध्ये ठरावीक पदार्थांत परवानगी दिली. आता दुसरी बाजू पाहा. सुक्रालोज हे कृत्रिम मानले जाते, परंतु ते साखरेपासूनच करतात. साखरेच्या रेणूतील तीन ठिकाणी क्लोरिन बसवले की ते सुमारे ६०० पट गोड होते आणि शरीर त्याचा बहुतेक भाग न वापरता बाहेर टाकते. म्हणजे एकाची सुरुवात पानापासून आहे, दुसऱ्याची ऊसापासून, आणि दोन्ही कारखान्यातूनच आपल्यापर्यंत येतात.

स्टीव्हियाच्या पुडीबाबत मला वेगळीच काळजी वाटते. इतक्या गोड पदार्थाचा चिमटीतही न येणारा अंश पुडीत भरता येत नाही, म्हणून त्यात भर घालावी लागते. ती भर कधी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजची असते, जी स्वतः रक्तातली साखर वाढवते, आणि कधी एरिथ्रिटॉल या साखरेसारख्या दिसणाऱ्या गोड पदार्थाची असते, जो ती वाढवत नाही. पुडीच्या दर्शनी भागावर हिरवे पान छापलेले असले तरी घटकांची यादी मागे बारीक अक्षरात असते आणि तिच्यात जो पदार्थ पहिला लिहिलेला असतो तो सर्वांत जास्त असतो. मुलीला फोन करून तिने पाठवलेल्या पुड्यांची यादी तिच्याकडून वाचून घ्या. एरिथ्रिटॉलविषयी २०२३ मध्ये अमेरिकेतून एक संशोधन आले, ज्यात रक्तात ते जास्त असलेल्या लोकांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. त्यावरून एरिथ्रिटॉलमुळेच हे आजार झाले असे सिद्ध होत नाही, कारण शरीर स्वतःही ते थोडे तयार करते. तरीही ज्यांना हृदयविकार होऊन गेला आहे त्यांनी ते चमच्या-चमच्याने खाऊ नये, असे माझे मत आहे. चहातल्या एका पुडीने घाबरण्याचे कारण नाही.

आता दिरांची डबी. ॲस्पार्टेमने कर्करोग होतो असे तुम्ही कुठेतरी वाचल्याचे लिहिता. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातले, हे खरे आहे. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा होतो. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. त्याच वेळी अन्नातील मिश्रके तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा पूर्वीचीच, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. यजमानांचे वजन ६० किलो धरले तर ती मर्यादा २,४०० मिलिग्रॅम होते. एका गोळीत साधारण १८ ते २० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असते. दिवसाला चार-पाच गोळ्या घेणारा माणूस त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र ॲस्पार्टेम अजिबात घ्यायचे नाही. तशी सूचना डबीवर असते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट अशी की ॲस्पार्टेम उष्णतेने विघटित होते व त्याची गोडी जाते, म्हणून चहा गाळून कपात ओतल्यावर गोळी टाकावी, पातेल्यात उकळू नये.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक मार्गदर्शन दिले, ज्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोड पदार्थ वापरू नयेत, दीर्घकाळात त्याचा लाभ दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्या यादीत ॲस्पार्टेम, सॅकरिन, सुक्रालोज आहेत आणि स्टीव्हियाही आहे. नैसर्गिक म्हणून स्टीव्हियाला तिथे वेगळी वागणूक मिळालेली नाही. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हे मार्गदर्शन लागू नाही, असेही त्यातच स्पष्ट केले आहे. म्हणून यजमानांसाठी या गोळ्यांचा उपयोग आहे, परंतु वजन उतरवायचे म्हणून घरातल्या बाकीच्यांनी त्या सुरू करण्यात अर्थ नाही. नातवाला तर गोळी किंवा स्टीव्हिया यांतले काहीच देऊ नका. सात वर्षांच्या मुलाला साखरेच्या शेकडो पट गोड चवीची सवय लावून काहीच साधत नाही. त्याला साधी साखर किंवा गूळ थोडा कमी घालून द्यावा.

मग यजमानांनी नेमके काय करावे? तुम्ही लिहिता की ते दिवसाला पाच कप चहा घेतात आणि प्रत्येक कपात दोन चमचे गोडी लागते. दहा चमचे म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर किंवा गूळ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शनात निरोगी माणसालाही दिवसभराच्या साखरेसाठी २५ ग्रॅमच्या आसपासची मर्यादा सुचवली आहे. इथे गोळी खरोखर उपयोगी पडेल. पहिले काही आठवडे पाचही कपांत गोळी चालेल, स्टीव्हियाची चव आवडली तर तीही चालेल. तिची ज्येष्ठमधासारखी मागे रेंगाळणारी कडसर गोडी चहात पुष्कळांना रुचत नाही, एवढे सांगते. त्यानंतर दर पंधरवड्याला एका कपातली गोळी कमी करत जावे. जिभेची गोडीची ओढ हळूहळू उतरते, हा अनेकांचा अनुभव आहे, आणि गोळीचा खरा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा ती बिनगोडाच्या चहापर्यंत नेणारी पायरी ठरते.

तरीही चहातला गूळ काढल्याने सगळे प्रश्न सुटतील असे मी म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रातील ज्या ओळीवर कोणीच वाद घातलेला नाही, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी भात, रात्री भात. दिवसाला एका माणसाच्या वाट्याला ३०० ग्रॅम तांदूळ येत असतील तर त्यातून २३० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ पोटात जातात आणि पचल्यावर त्यांचे ग्लुकोजच होते. चहातल्या ४०-५० ग्रॅम गुळाच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा, म्हणजे जेवणानंतरची साखर का उतरत नाही ते कळेल. भात सोडा असे मी कोकणातल्या माणसाला सांगणार नाही. ते जमत नाही आणि त्याची गरजही नाही. रात्रीचा भात अर्धा करून त्याजागी नाचणीची एक भाकरी आणि भाजी वाढवावी. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळाऐवजी उकडा तांदूळ घ्यावा, कारण तो सहसा साखर थोडी सावकाश चढवतो. ताटात आधी भाजी, उसळ, मासळी खाऊन मग भाताकडे वळावे. नाचणीतही पिष्ट आहेच, त्यामुळे भाकऱ्याही मोजूनच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आपल्या शेजारच्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. तिथले जेवण आणि आपले जेवण यांत फार अंतर नाही, म्हणून हे मी कळकळीने लिहीत आहे.

घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे, त्याचा वापर वाद मिटवण्यासाठी करा. एके दिवशी न्याहारीला नेहमीची आंबोळी आणि गुळाचा चहा, दुसऱ्या दिवशी तेवढीच आंबोळी आणि गोळीचा चहा, तिसऱ्या दिवशी अर्धी आंबोळी, एक अंडे आणि गोळीचा चहा. तिन्ही दिवशी न्याहारी सुरू केल्यापासून बरोबर दोन तासांनी साखर मोजून कॅलेंडरवर लिहा. सासूबाईंना तो आकडा स्वतः पाहू द्या, आणि पुढच्या खेपेला तोच कागद डॉक्टरांनाही दाखवा.

आता एक गोष्ट अशी, जी तुम्ही विचारलेली नाही, पण जी कोणत्याही पुडीपेक्षा महत्त्वाची आहे. यजमान ग्लिमेपिराइड घेतात. या औषधाने, विशेषतः जेवण चुकले किंवा बागेत अंगमेहनत जास्त झाली तर, रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी स्टीव्हिया किंवा गोडीची गोळी यांचा काडीचा उपयोग होत नाही. तेव्हा खरी साखरच लागते. १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा. घरातून साखर हद्दपार झाली आणि कलमांत माणूस एकटा असताना खिशात साखरेची पुडी नव्हती, असे होता कामा नये. गडी-माणसांनाही हे सांगून ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्या सर्व वाचकांनाही हे लागू आहे.

मोदकांविषयी माझे मत स्पष्ट आहे. सारणात गोळ्या किंवा स्टीव्हिया घालू नका. खोबऱ्याबरोबर गूळ वितळून पाक सुटतो, तेव्हाच सारण मिळून येते. गोडी देणारी चिमूटभर पूड ते काम करू शकत नाही आणि सारण भुसभुशीत राहते. शिवाय वरची उकड तांदळाची आहे, ती तशीच राहणार. त्यामुळे ‘शुगर फ्री’ मोदक म्हणून माणूस चार जास्त खाईल आणि साखर चढेलच. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घालत असाल तर अर्धी ते पाऊण वाटी घाला, वेलची-जायफळ आणि भाजलेली खसखस सढळ हाताने घाला. ओल्या नारळाची स्वतःची गोडी पुष्कळ असते. मोदक लहान वळा. यजमानांनी त्या दिवशी खऱ्या गुळाचे दोन लहान मोदक जेवणासोबत, तूप घालून, बसून, चवीने खावेत आणि त्या जेवणात भात घेऊ नये. नैवेद्य जसा आजवर झाला तसाच होईल आणि सासूबाईंचे मनही दुखावणार नाही. बाजारातील ‘शुगर फ्री’ मिठाई चाकरमान्यांकडून येईल, ती मात्र यजमानांपुढे ठेवू नका. तिच्यात बहुधा माल्टिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असते. त्यातही साखरेच्या निम्म्याहून अधिक कॅलरी असतात, ते साखर थोडी चढवतेच, आणि जास्त खाल्ले तर पोट फुगते व जुलाब होतात. घरात नानखटाई किंवा केक भाजायचा असेल तर सुक्रालोजही टाळा, कारण १२० अंशांच्या वर तापल्यावर त्यातून घातक क्लोरिनयुक्त पदार्थ तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला आहे.

राहिला कोकमाचा प्रश्न. गूळ किंवा मध घातलेल्या सरबतावर ‘शुगर फ्री’ लिहिता येणार नाही. त्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये साखरेचे प्रमाण ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे असा आपल्याकडचा नियम आहे, आणि गुळाचे सरबत त्याच्या कितीतरी पट वर जाईल. नियम बाजूला ठेवला तरी एखादा मधुमेही विश्वासाने ती बाटली घेऊन जाईल, हे तुम्हालाही रुचणार नाही. साखर काढून स्टीव्हिया घालावी म्हटले तर दुसरी अडचण येते. बरणीत कोकमाच्या सालींवर साखरेचे थर देऊन आपण उन्हात ठेवतो, तेव्हा ती साखर सालींतला रस ओढून घेते आणि पाणी धरून ठेवल्यामुळे सरबत टिकवतेही. ही दोन्ही कामे स्टीव्हियाकडून होत नाहीत. असे सरबत थोड्याच दिवसांत आंबेल. त्यापेक्षा अशा गिऱ्हाइकांना आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, द्या. ते मिठावर टिकते, त्याला साखर लागत नाही. बाटलीवर ‘साखर घातलेली नाही’ एवढेच लिहा आणि खाली कृती छापा : एक ग्लास गार पाण्यात दोन चमचे आगळ, चिमूटभर जिरेपूड, गोडी हवीच असेल तर ज्याने त्याने आपल्या ग्लासात, आपल्याला चालेल ती घालावी. आगळात मीठ पुष्कळ असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी दिवसाला एकाच ग्लासावर थांबावे, ही ओळही त्याच कागदावर असू द्या.